अंगठा, पासवर्ड आणि ॲलन ट्युरिंग

मोबाइलवर अंगठा टेकवला की पडदा उघडतो. दिवसातून कितीतरी वेळा आपण हे करतो आणि त्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. पण या क्षणभराच्या कामात तीन गोष्टी एकत्र येतात. हातातले यंत्र हा एक संगणक आहे. त्यातले निरोप, फोटो, बँकेचे व्यवहार सांकेतिक रूपात बंद असतात. आणि ते उघडणारी किल्ली म्हणजे बोटावरच्या रेषा, ज्या आईच्या पोटातच उमटलेल्या असतात. संगणकाची मूळ कल्पना, संकेत फोडण्याचे शास्त्र आणि सजीवांच्या अंगावर ठिपके व पट्टे कसे उमटतात याचे गणित, या तिन्ही विषयांत एकाच माणसाने पायाभूत काम करून ठेवले आहे. त्यांचे नाव ॲलन ट्युरिंग. वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत वैद्यकशास्त्राने जी भूमिका बजावली, ती डॉक्टरांनी आणि रुग्णांनीही विसरू नये अशी आहे.

मद्रास इलाख्यातले आईवडील

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील ज्युलियस हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, मद्रास इलाख्यात अधिकारी होते. त्यांची नेमणूक छत्रपूरला होती. हे गाव आज ओडिशात आहे. आई एथेल सारा या मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता एडवर्ड स्टोनी यांची कन्या. हिंदुस्थानातले हवापाणी मुलांना मानवणार नाही, असे त्या काळच्या इंग्रज कुटुंबांना वाटे. त्यामुळे ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन यांना इंग्लंडमध्येच एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडे ठेवण्यात आले. आईवडील नोकरीच्या गावी परतले. ॲलनचे बालपण असे दुसऱ्यांच्या घरात गेले.

१९२६ मध्ये तो शेरबोर्नच्या निवासी शाळेत जायला निघाला, तेव्हा देशभर संप होता आणि रेल्वे बंद. तेरा वर्षांचा हा मुलगा साउदम्प्टनहून सायकलवर निघाला, वाटेत एका खानावळीत रात्र काढली आणि सुमारे १०० किलोमीटर कापून शाळेत हजर झाला. शाळेत मात्र त्याचे फारसे कौतुक झाले नाही. अक्षर वाईट, वह्या अस्ताव्यस्त, आणि जे शिकवतात त्यापेक्षा वेगळेच काहीतरी डोक्यात चाललेले.

तिथे त्याला ख्रिस्तोफर मॉर्कम हा एक वर्ष पुढचा मित्र भेटला. दोघांनाही गणिताचे आणि ताऱ्यांचे वेड. १३ फेब्रुवारी १९३० रोजी ख्रिस्तोफर अचानक गेला. लहानपणी संसर्ग असलेले गाईचे दूध पोटात गेल्याने त्याला गोवंशीय क्षयरोग झाला होता. दूध पाश्चराइझ करण्याची पद्धत तोवर माहीत होती, पण इंग्लंडमध्ये ती सर्वत्र रुळली नव्हती. आपल्याकडे दूध उकळूनच घ्यायची घरोघरची सवय याच रोगापासून संरक्षण देते. मित्राच्या जाण्याने ॲलन खचला, पण मन आणि मेंदू यांचा संबंध काय, विचार करणे म्हणजे नेमके काय, हे प्रश्न त्याच्या मनात तेव्हापासून घर करून राहिले.

कागदावरचे यंत्र

१९३१ मध्ये ट्युरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले आणि बाविसाव्या वर्षी तिथले फेलो झाले. १९३६ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात एका काल्पनिक यंत्राचे वर्णन होते. चौकोन आखलेली एक लांबच लांब पट्टी. यंत्र एका वेळी एक चौकोन वाचते, त्यात काही लिहिते किंवा पुसते, आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. एवढ्या साध्या पायऱ्यांनी कोणतेही गणित करता येते, हे त्यांनी दाखवले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दुसऱ्या कोणत्याही यंत्राच्या सूचना पट्टीवर लिहून दिल्या तर त्या वाचून त्याचे काम करणारे एकच सर्वसाधारण यंत्र बनवता येईल, असे त्यांनी सिद्ध केले. एकच मोबाइल कधी कॅमेरा, कधी रेडिओ, कधी हिशेबाची वही होतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

याच निबंधात यंत्राची मर्यादाही होती. काही प्रश्न असे आहेत की त्यांचे उत्तर कोणतेही यंत्र ठरावीक पायऱ्यांनी देऊ शकत नाही. दिलेली आज्ञावली कधी थांबेल की कायम चालतच राहील, हा त्यातला प्रसिद्ध प्रश्न. याच विचाराचा आधार घेऊन १९८० च्या दशकात फ्रेड कोहेन यांनी दाखवून दिले की प्रत्येक संगणक-विषाणू अचूक ओळखणारी आज्ञावली बनवणे तत्त्वतःच अशक्य आहे. म्हणून अँटिव्हायरस टाकला की निर्धास्त, असे होत नाही. फोनची अद्ययावत आवृत्ती वेळेवर घ्यावीच लागते. लस घेतल्यावरही हात धुवावे लागतात, तसेच हे.

कुलूप भक्कम, सवयी कच्च्या

४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ट्युरिंग ब्लेचली पार्क येथे कामावर रुजू झाले. लंडनपासून सुमारे ८० किलोमीटरवरच्या या वाड्यात जर्मनांचे गुप्त संदेश फोडण्याचे काम चाले. जर्मन सैन्य एनिग्मा नावाचे यंत्र वापरत असे. गंमत अशी की हे यंत्र मुळात लष्करी नव्हतेच. आर्थर शेर्बियस या जर्मन अभियंत्याने ते बनवले आणि १९२० च्या दशकात बँका व व्यापारी कंपन्यांनी घ्यावे म्हणून बाजारात आणले. लष्कराने पुढे ते आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतले.

टंकयंत्रासारख्या दिसणाऱ्या या पेटीत फिरत्या चकत्या आणि तारांच्या जोडण्या होत्या. तीन चकत्या आणि दहा तारा वापरल्या तर यंत्र लावण्याच्या शक्यता १५९ वर अठरा शून्ये एवढ्या भरत. त्या एकेक करून तपासायच्या म्हटल्या तर जन्म पुरला नसता. म्हणूनच जर्मनांना खात्री होती की हे कुलूप कुणी उघडणार नाही. मात्र मरियन रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने १९३२ च्या अखेरीसच त्यात वाट काढली होती. युद्धाच्या तोंडावर, जुलै १९३९ मध्ये, पोलंडने आपले सारे ज्ञान ब्रिटन आणि फ्रान्सच्या हवाली केले. ट्युरिंग यांचे काम या पायावर उभे राहिले.

एनिग्मात एक उणीव होती. त्यात कोणतेही अक्षर कधीच स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नसे. पण यंत्राच्या उणिवेपेक्षा जास्त उपयोगी पडल्या त्या माणसांच्या सवयी. हवामानाचा अहवाल रोज ठरावीक वेळी, ठरावीक शब्दांत पाठवला जाई. कंटाळलेले चालक सुरुवातीची अक्षरे निवडताना कळफलकावरची शेजारशेजारची अक्षरे घेत, नाहीतर मैत्रिणीचे नाव. संदेशात अमुक शब्द असणारच, असा अंदाज बांधायचा आणि तो ज्या मांडणीत विसंगत ठरेल ती मांडणी बाद करत जायचे, असे विद्युतयंत्र ट्युरिंग यांनी आखले. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात महत्त्वाची सुधारणा केली. ‘बॉम्ब’ नावाचे हे पहिले यंत्र मार्च १९४० मध्ये बसवले गेले; युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेहून अधिक यंत्रे झाली. डॉक्टर निदान करतात तेव्हा हेच करतात. अनेक शक्यतांमधून लक्षणांशी न जुळणारे आजार एकेक करून वगळले की उरलेल्या थोड्यांचीच नीट तपासणी करावी लागते.

जर्मन नौदलाची लिपी सर्वांत अवघड होती, आणि तिच्या वाट्याला कुणी जात नव्हते. ट्युरिंग यांनी तीच निवडली. अटलांटिकमधून येणारे धान्य आणि इंधन पाणबुड्या बुडवत होत्या. १९४१ मध्ये नौदलाचे संदेश वाचता येऊ लागले आणि जहाजांचे ताफे पाणबुड्यांना चुकवून वळवता आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये पाणबुड्यांच्या यंत्रात चौथी चकती आली आणि पुन्हा दहा महिने अंधार पसरला. भूमध्य समुद्रात बुडत्या जर्मन पाणबुडीत शिरून ब्रिटिश नौसैनिकांनी कागदपत्रे बाहेर काढली, तेव्हा डिसेंबरमध्ये वाट मोकळी झाली. त्यातले दोघे पाणबुडीबरोबरच तळाला गेले.

आज चोरी होते ती बहुतेक याच वाटेने. फुटलेल्या पासवर्डच्या याद्यांत १२३४५६ हा आकडा वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांवर आहे. मुलाचे नाव आणि जन्मसाल, सगळीकडे एकच पासवर्ड, पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी, ही त्या कंटाळलेल्या चालकांचीच भावंडे. ओटीपी मागणारा किंवा ‘डिजिटल अटके’ची भीती घालणारा भामटा यंत्राच्या नादी लागतच नाही, तो माणसाला गाठतो.

पुरलेली चांदी

ब्लेचलीत ट्युरिंग यांच्या तऱ्हेवाईकपणाच्या कथा रंगत. जूनमध्ये परागकणांची ॲलर्जी बळावे, तेव्हा ते चक्क विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा चढवून सायकल चालवत. सायकलची साखळी ठरावीक फेऱ्यांनंतर निसटे. दुरुस्त करण्याऐवजी ते फेऱ्या मोजत आणि नेमक्या वेळी थांबत. चहाचा मग कुणी नेऊ नये म्हणून तो साखळीने बांधून ठेवत.

१९४० मध्ये जर्मन चढाईची भीती होती. पैसे बुडतील म्हणून त्यांनी चांदीच्या दोन लगडी घेतल्या, जवळच्या रानात पुरल्या आणि जागेची खूण सांकेतिक भाषेत लिहून ठेवली. युद्धानंतर मित्राबरोबर धातुशोधक यंत्र घेऊन ते शोधायला गेले, पण परिसर बदलला होता आणि चांदी काही सापडली नाही. जगातल्या श्रेष्ठ संकेततज्ज्ञालाही स्वतःचा ठेवा परत मिळवता आला नाही. चोरापासून वाचवणे ही सुरक्षेची एक बाजू झाली. आपल्याला किंवा आपल्यामागे घरच्यांना ती वस्तू मिळणे ही दुसरी. बँकेची खाती, विमा, औषधोपचारांची कागदपत्रे सगळी फोनमध्ये ठेवणाऱ्या ज्येष्ठांनी ती कशी उघडायची हे विश्वासातल्या एकाला तरी सांगून ठेवावे.

युद्धाच्या उत्तरार्धात ट्युरिंग यांनी दूरध्वनीवरचे बोलणे गुप्त ठेवणारे ‘डलायला’ हे यंत्र बनवले. अमेरिकेत असे यंत्र होते, पण त्याचे वजन पन्नास टनांहून अधिक होते. ट्युरिंग यांचे यंत्र टेबलावर मावे. ते पूर्ण झाले तोवर युद्ध संपले आणि ते वापरात आलेच नाही. आज खिशातल्या फोनवर सांकेतिक रूपात जाणारे बोलणे पाहिले की त्या प्रयत्नाची दिशा किती अचूक होती हे कळते.

बोटांवरच्या रेषा

युद्धानंतर ट्युरिंग यांनी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसाठी संगणकाचा सविस्तर आराखडा केला आणि १९४८ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. यंत्र विचार करू शकते का, या प्रश्नावर १९५० मध्ये त्यांनी लिहिलेला निबंध आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत अजूनही पुढे असतो. याच काळात ते लांब पल्ल्याचे उत्तम धावपटूही होते. १९४७ मध्ये त्यांनी २ तास ४६ मिनिटे ३ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिक विजेत्यापेक्षा ही वेळ फक्त अकरा मिनिटांनी जास्त होती.

१९५२ मध्ये त्यांनी जीवशास्त्रावर एक निबंध लिहिला. सुरुवातीला सर्वत्र सारख्याच असलेल्या पेशींमधून ठिपके, पट्टे यांची नक्षी कशी उगवते, हा त्यांचा प्रश्न. उत्तर समजायला आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणावा. एखाद्या गावात चार दुकाने लागली की त्यांच्या ओढीने आणखी दुकाने तिथेच येतात. पण हा बाजार आसपासच्या गावांतले गिऱ्हाईक ओढून घेतो, म्हणून दुसरा बाजार काही अंतर सोडूनच भरतो. कुणी नकाशा आखत नाही, तरी बाजारांची ठरावीक अंतरावर रचना होते. पेशींमध्येही एक रसायन स्वतःला वाढवते आणि दुसरे, त्याला दाबणारे, जास्त दूर पसरते. या दोघांच्या ओढाताणीतून नक्षी तयार होते.

तेव्हा हे गणित जीवशास्त्रज्ञांना फारसे पटले नाही. २०२३ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी दाखवले की माणसाच्या बोटांचे ठसे अशाच प्रक्रियेने बनतात. गर्भारपणाच्या तेराव्या आठवड्याच्या सुमारास बोटाच्या टोकाचा मध्य, नखाखालचा भाग आणि पेराची घडी या तीन ठिकाणांहून रेषांच्या लाटा निघतात. त्या कुठे, कशा भेटतात यावर कमान, वळसा की भोवरा हे ठरते. त्यात योगायोगाचा भाग असल्याने एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात.

हे ठसे कायमचे असले तरी अक्षय नसतात. वय, शेतातले व बांधकामावरचे काम, त्वचेचे आजार यांनी रेषा झिजतात. कॅपेसिटाबिन या कर्करोगावरील औषधाने तळहातांना सूज येते आणि काही रुग्णांचे ठसे पुसट होतात. रेशन दुकानात आजींचा अंगठा जुळत नाही, तेव्हा दोष त्यांचा नसतो. पर्यायी ओळख घेण्याची सोय तिथे असावी लागते. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. बँकेसाठी अंगठ्याबरोबर दुसरी पायरी ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

औषधाची शिक्षा

जानेवारी १९५२ मध्ये ट्युरिंग यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. चौकशीत एका तरुणाशी असलेले आपले संबंध त्यांनी लपवले नाहीत. पुरुषांमधील असे संबंध इंग्लंडात तेव्हा गुन्हा होता. चोराच्या शोधात आलेल्या पोलिसांनी तक्रारदारालाच आरोपी केले. ३१ मार्च रोजी ते दोषी ठरले. तुरुंग टाळायचा असेल तर एक वर्ष ‘उपचार’ घ्यायचे, अशी अट होती. ते कबूल झाले.

औषध होते स्टिलबेस्ट्रॉल, कृत्रिम स्त्री-संप्रेरक. १९३८ मध्ये तयार झालेले हे औषध प्रोस्टेटच्या कर्करोगात खरोखर उपयोगी होते. पण निरोगी पुरुषाला ते देण्याला कोणताही वैद्यकीय आधार नव्हता, कारण बरा करायचा आजारच नव्हता. लैंगिक क्षमता गेली, छाती वाढली. मॅरेथॉन धावणाऱ्या शरीराची ही अवस्था झाली. सरकारच्या गुप्त कामाची दारेही बंद झाली. युद्धातली कामगिरी गुप्ततेच्या कायद्याखाली असल्याने न्यायालयापुढे ती सांगण्याचीही सोय नव्हती. तुरुंगाच्या धाकाखाली दिलेला होकार ही वैद्यकीय संमती नव्हे, हे आज वैद्यकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. तेव्हा सुई टोचणाऱ्यांना आपण विज्ञानाचेच काम करत आहोत असे वाटत होते.

उपचार १९५३ मध्ये संपले. ७ जून १९५४ रोजी विल्म्सलो येथील घरी त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी कामवाल्या बाईंना ते अंथरुणात सापडले. कारण सायनाइडची विषबाधा. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. घरात ते विद्युतविलेपनाचे प्रयोग करत आणि त्यासाठी सायनाइड वापरत, त्यामुळे हा अपघात असावा असे आईला अखेरपर्यंत वाटत राहिले. शेजारी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते, पण त्याची तपासणी कुणी केलीच नाही. एका प्रसिद्ध संगणक कंपनीचे चिन्ह त्यावरून घेतले, ही कथा खरी नाही. ते चिन्ह रेखाटणाऱ्या रॉब जॅनॉफ यांनीच ती नाकारली आहे.

ब्लेचलीतले काम १९७० च्या दशकात उघड झाले. २००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी ट्युरिंग यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने त्यांना माफी दिली, आणि २०२१ पासून त्यांचे चित्र ५० पौंडांच्या नोटेवर आहे.

तसाच इंग्रजी साच्याचा कायदा भारतात १८६० पासून कलम ३७७ म्हणून होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध त्यातून वगळले. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली त्याला १९९० पासून साडेतीन दशके होऊन गेली. तरीही मुलाला ‘सुधारा’ म्हणून डॉक्टरकडे आणणारे पालक आहेत आणि गोळ्या-इंजेक्शने लिहून देणारेही आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे. त्याविरुद्ध राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. घरातल्या अशा तणावात मन खचले असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, नाव न सांगताही बोलता येते.